डबे परत आण

माझ्या घरातून गेलेला डबा परत आला नाही तर मला चैन पडत नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही, खोड म्हणून सांगते. खोडी सगळ्यांनाच असतात, पण माझ्या खोडीपायी एक भला माणूस सौदीच्या तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन पोचला, आणि त्या बिचाऱ्याला सहा दिवस ते ठाऊकही नव्हतं. आता नवरा निवृत्त झालाय, आम्ही कायमचे नाशकाला परतलोय, म्हणून हे लिहायला बसले. तिथं असते तर एक ओळ उतरवायची हिंमत झाली नसती.

आम्ही अल खफजीत अठरा वर्षं काढली. कुवेतच्या हद्दीला लागून असलेलं लहानसं गाव. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि समुद्रात आत तेलाच्या विहिरींवर उभे केलेले लोखंडी फलाट. नवरा किनाऱ्यावरच्या देखभाल विभागात इंजिनिअर होता. जाताना मी लग्नात आईनं दिलेले सात स्टीलचे डबे सोबत नेले. प्रत्येकाच्या बुडाशी माझं माहेरचं नाव, आडनावासकट, कोरलेलं. नाव घातल्याशिवाय भांडं घरात टिकत नाही, असं आई म्हणायची. खरंच होतं ते. इतक्या वर्षांत माझा एकही डबा हरवला नव्हता.

डब्यांच्या बाबतीत आमच्याकडे दोन नियम. आपला डबा परत मागायला लाजायचं नाही, हा पहिला. लोकांचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा दुसरा. घरात काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर घालायची. रिकामा डबा कुणाच्या हातात देणं म्हणजे आता पुन्हा पाठवू नका, असं तोंडावर सांगणं.

हे दोन्ही नियम न सांगता पाळणारा एकच माणूस मला खफजीत भेटला. तो रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा, नवऱ्याच्या विभागात टेक्निशियन. चौदा दिवस समुद्रातल्या फलाटावर, मग चौदा दिवस किनाऱ्यावरच्या कँपात. बायको आणि दोन मुली गावी. पहिल्या ईदला शीरखुर्मा घेऊन दारात उभा राहिला आणि "काय ओ वहिनी, वळख नाय पण आलो" म्हणाला, तेव्हा मला माहेरचंच कुणी आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून तो माझा भाऊ आणि मी त्याची वहिनी. नातं जरा उलटसुलट होतं, पण चालायचं. दर खेपेला फलाटावर जाताना तो माझ्याकडून डबा घेऊन जायचा. डबा परत यायचा तेव्हा त्यात कधी कोकमं असायची, कधी काजूगर, कधी खजूर. नऊ वर्षांत त्यानं एकही डबा रिकामा दिला नाही. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस रोज येऊन मासे साफ करून, वाटण करून फ्रीजमध्ये लावून जायचा. सख्ख्या दिरानं केलं नसतं. हे वाचून नवरा तोंड वाकडं करेल, पण खरं ते खरं.

मुलगा आमचा कॅनडात शिकायला होता. त्याला जाताना मी सातातले चार डबे भरून दिले होते. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, आणि एका चपट्या लहान डब्यात कसुरी मेथी. दोन वर्षांनी तो हिवाळ्याच्या सुट्टीत व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे यायला निघाला. दोन वर्षांनी भेटणाऱ्या पोराला आई काय सांगेल? नीट ये, गरम कपडे घाल, जेवून निघ. मी त्याला आठ दिवसांत पाच मेसेज केले आणि पाचही एकच होते. डबे परत आण.

त्यानं आणले. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं त्याला घ्यायला दमामला गेलो. विमानतळावर बॅग यंत्रातून सरकली, कुणी काही बोललं नाही. तिथून खफजी गाडीनं तीन तास. वाटेत एका चौकीवर पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली, डिकी उघडायला सांगितली, मग बॅगही. कपड्यांमध्ये एकात एक घातलेले माझे डबे बघून त्यानं वरच्या डब्यावर टिचकी मारली.

"एश हादा?" हे काय, असं त्यानं विचारलं.

"आईचं स्वयंपाकघर," नवरा मोडक्या अरबीत म्हणाला. पोलीस माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, आणि आगाऊपणानं डबा काढून त्याला झाकण उघडून दाखवायला निघाले. त्यानं हातानंच नको म्हटलं. "यल्ला, यल्ला." आम्ही पुढं निघालो. मी मुलाला म्हटलं, बघ, आईचे डबे म्हटलं की पोलीससुद्धा सोडतात. तो मागच्या सीटवर अर्धवट झोपेत होता, हं म्हणाला. त्या टिचकीचा आवाज अजूनही कधी आठवतो.

घरी आल्यावर पोराला जेवायला वाढायच्या आधी मी डबे मोजले. चारही होते. तीन घासून ठेवलेले, चौथा, मेथीचा, तसाच बंद. उघडला तर आत तपकिरी, कोरडा, हाताला लागताच चुरा होणारा पाला. जास्त भाजल्यासारखा करपट वास. मी मनात म्हटलं, आळशी मेला, दोन वर्षांत पाव डबा मेथी संपवली नाही, आणि त्या थंडीत हिटरपाशी ठेवून भाजून काढलीन. पण टाकायची कशाला? आमच्या घरात काही टाकत नाहीत. चहाचा चोथा वाळवून कुंडीला जातो, दुधाच्या पिशवीत हिरवी मिरची राहते, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत पडतात. पोराला हे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून शिकवलंय. टाकू नको, कशात तरी जाईल.

शनिवारी संकष्टी होती. सकाळी उठून मी भाऊसाठी मेथीच्या पुऱ्या करायला घेतल्या. ताजी मेथी थोडी होती, तीत तो डब्यातला सगळा पाला चोळून घातला, तीळ, ओवा, तिखट, आणि भरपूर तेलाचं मोहन. पस्तीस-चाळीस पुऱ्या झाल्या. मला उपास, म्हणून मी चव घेतली नाही. नवऱ्याला साखरेमुळे तळण बंद. मुलगा झोपलेला. एरवी तळणाच्या वासावर घरातलं कुणी ना कुणी स्वयंपाकघरात येऊन एक उचलतंच. त्या दिवशी कुणी आलं नाही.

नऊ वाजता भाऊ आला. बोट दहाला सुटायची होती, म्हणून दारातच उभा राहिला.

"भाचा आला ना वहिनी? झोपलाय? झोपू दे, झोपू दे. येताना भेटन त्याला."

मी मोठ्या गोल डब्यात तीस पुऱ्या भरून दिल्या. तो नेहमीसारखं म्हणाला, "आता दोन दिस आमची पार्टी." कारण तो एकटा कधी खायचा नाही. फलाटावर सगळ्यांत वाटून खायचा. त्याचा सौदी सुपरवायझरसुद्धा माझ्या पुऱ्यांचा गिऱ्हाईक होता. तो गेला आणि मी डबे पुसून फळीवर लावले. फार समाधान वाटत होतं मला त्या सकाळी.

मुलगा दुपारी एकला उठला. चहा घेतला. मग फळीकडे बघून त्यानं विचारलं, "आई, त्या छोट्या चपट्या डब्यातलं कुठंय? त्यात थोडं काहीतरी होतं."

"मेथी? पुऱ्यांत घातली. ताटात आहेत, खा."

तो ताटाकडे गेला नाही. खुर्चीवर बसला. माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर मी ताप पाहिलाय, नापास झाल्याचं पाहिलंय, पण तसा चेहरा पाहिला नव्हता.

"आई, लिसन. ती मेथी नव्हती."

मग त्यानं सांगितलं. आधी इंग्रजीत, मग मला कळेना म्हणून हिंदीत, आणि शेवटी मराठीत. तिकडे गांजा दुकानात मिळतो, कायद्यानं. मुलगा तो सिगरेटीसारखा ओढत नाही, कारण छातीला वाईट. त्याच्याकडे एक लहानसं यंत्र आहे, ते पाला जाळत नाही, नुसता तापवतं, आणि वाफ ओढायची. वाफ संपली की पाला तपकिरी होऊन उरतो. तो त्या डब्यात साठवायचा. महिनोन् महिने साठवलेला. निघताना घाईत डबे गोळा केले, हा रिकामाच आहे असं समजून; भरलेला होता हे आत्ता फळीवर बघून आठवलं.

"अरे पण ओढून झाल्यावर टाकत का नाही?" मी किंचाळले. माझ्या तोंडून पहिला प्रश्न हा निघाला, बघा.

"त्यात उरतं ना आई. सगळे वापरतात. तुपात मंद गरम केलं की तुपात उतरतं. कुणी पीनट बटरमध्ये कालवून ब्रेडला लावतं. मी रात्री झोप येत नाही तेव्हा चहात घालतो, वर थोडी साय. स्निग्ध काहीतरी लागतं त्याला." मग खाली बघून म्हणाला, "तूच म्हणतेस ना, काही टाकू नये."

मी त्याला थोबाडीत मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मारता मारता मला आठवत होतं, की मी पिठात मोहन किती घातलं होतं.

गांजा काय मला ठाऊक नव्हता असं नाही. नाशकात कुंभमेळा पाहिलेली बाई आहे मी. शिवरात्रीला भांगेचे पेलेही पाहिलेत. पण ते आपल्याकडे. खफजीत दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकायचो, अमका सापडला, तमक्याला घेऊन गेले. चिमटीभर असो की पोतंभर, परदेशी माणूस आत गेला की बाहेर कधी येईल ते कुणी सांगत नाही. आणणाऱ्याचं तर मुंडकंच जाऊ शकतं, हे दमामच्या विमानतळावर उतरतानाच अर्जावर लाल अक्षरात वाचायला मिळतं. माझा मुलगा आणणारा होता. मी शिजवणारी. आणि खाणारा समुद्रात होता, जिथं कधीही कुणाचाही नंबर काढून लघवी तपासतात.

फोन करून नवऱ्याला घरी बोलावलं. फोनवर मुलाला बरं नाही एवढंच सांगितलं. त्यानं सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं आणि ताटातल्या दहा पुऱ्या चुरून संडासात टाकल्या. तीन वेळा पाणी सोडलं. माझ्याकडून तो चपटा डबा सोड्याच्या पाण्यात उकळून घेतला, मग अंगणात नेऊन हातोडीनं सपाट केला आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला कचऱ्याच्या पेटीत टाकून आला. मला तेव्हा डब्याचं वाईट वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. आईनं दिलेला होता.

मोठा डबा मात्र समुद्रात होता, आणि त्याच्या बुडाशी माझं नाव होतं. देवनागरी इथं कोण वाचणार, असं मी म्हटलं. नवरा म्हणाला, अर्धा फलाट वाचणारा आहे.

भाऊला कळवायचं कसं? फलाटावर साधा फोन लागायचा नाही, फक्त संध्याकाळी जेवणघरात नेट मिळायचं. म्हणजे लिहून कळवायचं. मी म्हटलं, खरं काय ते लिहिते, म्हणजे लगेच फेकून देईल. नवरा माझ्यावर धावूनच आला. "गांजा हा शब्द लिहून पाठवणार? त्याच्या फोनवर, तुझ्या नावानं? तो चौघांत बसून वाचेल!" मग त्यानं मुलाकडे बोट केलं आणि मला मुलाची शपथ घ्यायला लावली, की यातलं कुणाजवळही, भाऊजवळसुद्धा, बोलायचं नाही. मी घेतली. घेताना मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यानं दार लावून घेतलं की आपल्याला लावावं लागत नाही.

मी लिहिलं, "भाऊ, आजच्या पुऱ्यांचं तेल खवट निघालं. खाऊ नका, कुणाला देऊ नका." कितीतरी वेळ एकच खूण दिसत राहिली. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन झाल्या. उत्तर आलं, "बरं वहिनी. तुम्ही काळजी करू नका." मी देवापुढं दिवा लावला. चंद्रोदयाची वेळ फोनवर पाहिली, अंगणात जाऊन चंद्राला हात जोडले आणि उपास सोडला. फेकून दिल्या असणार, असं धरून चालले.

सोमवारी नवरा जेवायला घरी आला आणि हात धुता धुता म्हणाला, "तो आजारी आहे."

"कोण?"

"कोण काय? तो. काल दुपारपासून उठलाच नाही. छाती धडधडते म्हणतो, कुणीतरी मारायला येतंय असं वाटतं म्हणतो. फलाटावरच्या डॉक्टरनं सलाइन लावलं. विषबाधा धरतायत सध्या."

त्या 'सध्या'वर मी हातातला घास ताटात परत ठेवला. मुलगा समोर बसला होता. तो हळूच म्हणाला, खाल्लं की असं होतं, ओढण्यापेक्षा जास्त चढतं, आणि उतरायला वेळ लागतो. मी विचारलं, लघवीत किती दिवस राहतं? तो म्हणाला, एकदा थोडं खाल्लं तर आठवड्यात जातं म्हणतात, जास्त खाल्लं तर सांगता येत नाही. कुणालाच नेमकं सांगता येत नाही. हे सगळं माझ्या जेवणाच्या टेबलावर, वरणभातासमोर चाललं होतं.

मंगळवारी आम्ही मुलाला परत पाठवलं. तीन आठवड्यांसाठी आला होता, पाचव्या दिवशी विमानात बसवला. दमामला जाताना त्याच चौकीवरून गेलो. या वेळी कुणी थांबवलं नाही. मी पदरात मुठी आवळून बसले होते, नखांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. त्याच्या बॅगेत एकही डबा नव्हता. विमान उडाल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघं गाडीत बसून होतो, आणि नवरा म्हणाला, "एक सुटला." मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. दुसऱ्याची आठवण मला गाडी खफजीच्या रस्त्याला लागल्यावर झाली. ही गोष्ट मी स्वतःला माफ करू शकलेली नाही.

पुढचे दोन दिवस दारावरची बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघायची. पाण्याच्या बाटल्या आणणारा, गॅसवाला, शेजारची मल्याळी बाई, सगळ्यांना मी पडद्याआडून पाहिलं. स्वयंपाकघराची फरशी तीनदा धुतली. पोळपाटाच्या चिरेत काही अडकलं असेल म्हणून तो सुईनं खरवडला. वारा सुटला होता, अंगणात बारीक वाळू येऊन पडायची, तिचा आवाज आला तरी कुणी आलं असं वाटायचं. नवरा कामावरून आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो मान हलवायचा. अजून काही नाही.

गुरुवारी भाऊला बोटीनं परत पाठवलं, विश्रांतीसाठी. शुक्रवारी नमाज झाल्यावर दुपारी तो आमच्याकडे आला. चेहरा ओढलेला, पण हसरा. हातात काही नव्हतं.

"डबा नाय आणला वहिनी. खोलीवर हाय. आजारपणात काय घेता आलं नाय, आणि रिकामा कसा आणू? घरून काजूगर यायचे हायत, ते भरून आणतो."

मी चहा ठेवला. नवरा सोफ्यावर पेपर धरून बसला होता. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात, नेहमीच्या स्टुलावर. तो सांगायला लागला. काय झालं कळलंच नाय, सगळं गोल फिरत व्हतं, मेलेला बाप दिसला, दोरखंडासारखी जीभ सुकली. मी पाठमोरी उभी राहून साखर घालत होते. शेवटी न राहवून विचारलं, "पण भाऊ, मी तर मेसेज केला होता. पुऱ्या खाऊ नका म्हणून."

तो ओशाळला. "मिळाला ना. पण फेकायच्या कशा? वहिनी, तुम्ही उपासाच्या दिशी तळून दिलेल्या. आणि लोकांना दिल्या असत्या तर म्हणाले असते, बाईंनी खवट घातलं. तुमचं नाव कशाला खराब करू? म्हणून मी कुणाला दिल्या नाय. मी एकट्यानंच खाल्ल्या, दोन दिसांत, सगळ्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगू? तेल खवट नव्हतंच ओ. बेस झाल्या व्हत्या."

मी चमचा ओट्यावर ठेवला. खरं लिहिलं असतं तर त्यानं त्या समुद्रात फेकल्या असत्या. माझ्या खोट्याला जपण्यासाठी त्यानं त्या खाल्ल्या होत्या, तीसच्या तीस.

"आता बरं वाटतं ना?" नवऱ्यानं पेपरच्या मागून विचारलं.

"बरं हाय साहेब. रविवारी क्लिनिकला बोलावलंय. रक्त, लघवी, सगळं तपासणार. विषबाधा कशाची ते बघायला. ते झाल्याबिगर फिट लिहून देणार नायत."

नवऱ्यानं पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. बोलायचं नाही. तो काय म्हणतोय ते मला कळत होतं. मुलगा सुरक्षित आहे, रविवारपर्यंत आठवडा उलटेल, कदाचित निघणारही नाही काही. आणि निघालं तरी भाऊला कुठं ठाऊक आहे की ते कशातून आलं?

पण डबा त्याच्या खोलीवर होता, आणि तो माणूस स्टुलावर बसून माझ्या चहाची वाट बघत होता. मी गॅस बंद केला आणि सांगून टाकलं. सगळं. पोराचं यंत्र, उरलेला पाला, चपटा डबा, मेथी समजून केलेली चूक, आणि मेसेजातलं खोटं. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकले नाही, गॅसच्या शेगडीकडे बघून बोलत होते. मुलाची शपथ मोडली. नवरा उठून आत निघून गेला.

भाऊनं मुलाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "भाचा कुठंय?"

"गेला. मंगळवारी."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. रविवार, सोमवार, मंगळवार. मी बघत होते.

"बरं केलंत," तो म्हणाला. "आपल्या पोराला आदी काढलंत."

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तो उठला, चपला घातल्या. चहा तसाच राहिला. दारात मी त्याला म्हटलं, भाऊ, काय करणार? तो म्हणाला, "जातो घरी." कँपात जातो असं मला वाटलं. पण मुलीच्या लग्नासाठी पुढच्या महिन्यात जायचं म्हणून त्यानं सुट्टीचा व्हिसा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी, आधीच काढून ठेवला होता. शनिवारी आई अत्यवस्थ आहे असं सांगून त्यानं दमामहून मुंबईचं विमान पकडलं. आई त्याची ठणठणीत होती. आईच्या नावानं खोटं बोलावं लागल्याचं त्याला किती लागलं असेल, ते मला माहीत आहे. तो ईदच्या दिवशी आईशी बोलल्याशिवाय खजूरसुद्धा तोंडात घालत नसे.

रविवारी क्लिनिकमध्ये त्याचं नाव पुकारलं आणि तो नव्हता. तपासणी चुकवली म्हणून चौकशी लागली, सुट्टी संपल्यावर त्याला परत घ्यायचं की नाही यावर नवऱ्याच्या विभागाचं मत मागवलं. नवऱ्यानं दोन ओळी लिहिल्या असत्या तर पुष्कळ झालं असतं. पण कुणीतरी विचारलं असतं, तुम्ही एवढी बाजू का घेता? नवऱ्यानं कागद कोरा पुढं पाठवला. मीही त्याला लिही म्हणून सांगितलं नाही. हे त्याच्या एकट्याच्या माथी मारणार नाही मी. दोघांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं, न बोलता. भाऊची नोकरी गेली. बावीस वर्षांची.

मी फोन केले. आधी वाजायचे, मग लागेनासे झाले. मुलीच्या लग्नाला नवऱ्यानं कुणाबरोबर तरी आहेर पाठवला, तो तसाच परत आला.

मुलगा सोडलंय म्हणतो. मी जास्त विचारत नाही. काही करून पाठवू का म्हटलं की नको म्हणतो, इथं सगळं मिळतं. पूर्वी मी वाद घातला असता.

आयुष्यात एकच डबा मी परत मागितला नाही. तो मोठा, गोल. फळीवर त्याच्या जागी मी काही ठेवलं नव्हतं. नऊ-दहा महिन्यांनी, आमची परतीची बांधाबांध चालू असताना, एक पोक्त गृहस्थ दारात आले. भाऊच्याच गावचे, वेल्डर, नुकतेच खफजीत कामाला लागलेले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून डबा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "त्यांनी सांगितलंय, पोचवा म्हणून. बाकी काय निरोप नाय."

मी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत. दार लावून मी स्वयंपाकघरात आले, डबा उलटा करून बघितला. नाव तसंच होतं. घासून लख्ख केलेला, कडेला कुठं डागसुद्धा नव्हता. झाकण काढलं. मग बुडाशी, कडेकडेनं, बोट फिरवून पाहिलं. चिमूटभर साखरही नव्हती.